छंदाची किंमत

मुलगा अभ्यासाचें पुस्तक मिटून चित्रें काढूं लागला, अथवा एखादें जुनें घड्याळ उघडून त्याचीं चक्रें मोजीत बसला, कीं घरांतील वडील माणसांच्या तोंडीं एक ठराविक वाक्य येतें : "याला भलताच नाद लागला आहे." हाच मुलगा पुढें नांवाजलेला चित्रकार अथवा यंत्रज्ञ झाला म्हणजे तींच माणसें कौतुकानें सांगूं लागतात, "याला लहानपणापासून छंदच होता." नाद आणि छंद या दोन शब्दांमध्यें जें अंतर आहे तें मुलाच्या वृत्तींत नसून पुष्कळदां पाहणाराच्या दृष्टींत असतें. फळ दिसेपर्यंत जो नाद, तोच फळ दिसल्यावर छंद! परंतु आपल्या भाषेंत या दोहोंच्या पुढचा एक तिसरा शब्द आहे. तो म्हणजे व्यासंग. छंदाचा व्यासंग कसा होतो आणि त्यासाठीं कोणाला काय किंमत द्यावी लागते, याचा थोडासा विचार या लेखांत करावयाचा आहे. उदाहरणासाठीं चित्रपटाची कला घेतली आहे. कारण आजच्या विद्यार्थ्यांस तिच्याइतकी प्रिय अशी दुसरी कला क्वचितच असेल, आणि तिच्याइतके गैरसमजहि दुसऱ्या कोणत्या कलेविषयीं क्वचितच असतील.

यांपैकीं दोन गैरसमज विशेष प्रचलित आहेत. पहिला वडील पिढीचा. चित्रपट पाहणें म्हणजे वेळ दवडणें, आणि चित्रपट काढूं म्हणणें म्हणजे आयुष्य दवडणें, अशी पुष्कळ पालकांची प्रामाणिक समजूत असते. दुसरा गैरसमज तरुण पिढीचा. आज बहुतेक घरीं निदान एका मोबाईलमध्यें तरी कॅमेरा असतो. बोट टेकविलें कीं चित्र उमटतें, पुन्हां टेकविलें कीं तें दूरदेशीं पोंचतें. तेव्हां आतां शिकावयाचें असें राहिलें तरी काय, असें अनेक मुलांस वाटतें. एक पक्ष छंदाला कवडीचीहि किंमत देत नाहीं. दुसरा पक्ष छंद फुकट मिळतो असें समजतो. आमच्या मतें दोघांचाहि हिशेब चुकला आहे. छंद मोलाचा आहे; आणि मोलाचा आहे म्हणूनच तो फुकट मिळत नाहीं.

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ज्यांचें नांव घेतलें जातें त्या धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचें चरित्र या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथें झाला. वडील संस्कृतचे जाडे पंडित. घराण्याची रीत पाहतां मुलानेंहि शास्त्रीच व्हावयाचें. परंतु मुलाचें मन चित्रें रंगविणें, सोंगें घेऊन नाटकें करणें आणि जादूचे खेळ यांत रमे. पुढें वडिलांस मुंबईच्या विल्सन कॉलेजांत संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली व कुटुंब मुंबईस आलें. स्कॉटिश मिशनऱ्यांनीं स्थापिलेल्या विद्यालयांत त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यानें संस्कृत शिकवावें, आणि त्याच शास्त्र्याच्या मुलानें १८८५ सालीं सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत चित्रकलेसाठीं नांव घालावें, ही त्या काळच्या मानानें लहान गोष्ट नव्हे. पोथीपुढें बसावयाचा मुलगा चित्रफलकापुढें बसला, आणि घरानें त्याला बसूं दिलें, येथेंच या कथेचा आरंभ होतो.

तेथून पुढचीं पंचवीस वर्षें मात्र सरळ रेषेंत गेलीं नाहींत. बडोद्याच्या कलाभवनांत त्यांनीं तैलरंग व जलरंग यांचें शिक्षण घेतलें. मूर्तिकाम व वास्तुरेखन यांचा अभ्यास केला. १८९० च्या सुमारास कॅमेरा हातीं आला, आणि छायाचित्रें घेणें, धुणें व छापणें यांचे प्रयोग सुरू झाले. कलाभवनाचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्रोत्साहनानें ते रतलामला गेले व तिरंगी ठसे करण्याची विद्या शिकून आले. गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रकाराचा धंदा मांडला; तेथें प्लेगच्या सांथीनें पत्नी व मूल दोघांनाहि हिरावून नेलें. मग नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकून, स्वतःच्या आडनांवाचीं अक्षरें उलटीं करून, 'प्रोफेसर केळफा' या नांवानें जादूचे प्रयोग केले. १९०३ सालीं पुराणवस्तुसंशोधन खात्यांत छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी धरली आणि थोड्याच वर्षांत ती सोडली. लोणावळ्यास ठसे व छपाई यांचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईचें काम केलें. कारखाना दादरला आला. १९०९ सालीं रंगीत छपाईच्या यंत्रांसाठीं ते जर्मनीस जाऊन आले. आणि पुढें भागीदारांशीं न पटल्यामुळें तोहि धंदा सोडून घरीं बसले.

या ठिकाणीं वाचकानें क्षणभर थांबावें. वयाची चाळिशी गांठलेल्या या गृहस्थाकडे पाहून शेजारीपाजारी काय म्हणत असतील, याची कल्पना करणें कठीण नाहीं. चित्रकला झाली, मूर्तिकाम झालें, छायाचित्रें झालीं, जादू झाली, सरकारी नोकरी झाली, छापखाना झाला. स्थिर असा धंदा एकहि नाहीं. "एक ना धड, भाराभर चिंध्या" ही म्हण जणूं यांच्यासाठींच निघाली! आणि खरें सांगावयाचें तर त्या वेळेपुरतें तें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. परंतु आपल्या आजीबाई ज्या गोधड्या शिवीत त्या तरी कशाच्या? चिंध्यांच्याच ना? चिंध्यांची गोधडी होण्यास दोनच गोष्टी लागतात : प्रत्येक चिंधी धड, न विरलेली असावी लागते, आणि सर्वांना जोडणारा एक दोरा सांपडावा लागतो. फाळक्यांनीं ज्या ज्या विद्येस हात घातला ती ती वरवर चाखून टाकून दिली नाहीं. पोट भरण्याइतकी ती पक्की केली. राहिला होता तो दोरा.

तो दोरा १९१०-११ च्या सुमारास मिळाला. मुंबईच्या एका चित्रगृहांत त्यांनीं येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्रांतील प्रसंग सरकत असतां आपल्या मनश्चक्षूंपुढें राम व कृष्ण, अयोध्या व गोकुळ हीं उभीं राहूं लागलीं, असें त्यांनीं पुढें 'नवयुग' मासिकांतील आपल्या लेखमालेंत लिहून ठेविलें आहे. एका धर्माच्या पवित्र कथेनें दुसऱ्या धर्माच्या मनुष्यास स्वतःच्याच कथांकडे नव्या डोळ्यांनीं पाहावयास शिकविलें, हीहि ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. पण हा प्रसंग बहुधा असा सांगितला जातो, कीं त्या एका संध्याकाळीं वीज चमकली आणि चित्रपटकार जन्मास आला. आमचें म्हणणें याच्या उलट आहे. तो मूकपट पाहणारे त्या चित्रगृहांत दुसरेहि पुष्कळ होते. ठिणगी सर्वांच्याच अंगावर पडली. पेटलें तें मात्र ज्याच्या घरीं पंचवीस वर्षांचें सरपण सांठलेलें होतें तेथेंच.

मूकपट तयार करावयास लागतें तरी काय, याचा हिशेब करून पाहावा. चौकटींत माणसें कशीं मांडावीं हें चित्रकलेनें शिकविलें होतें. प्रकाश केवढा असावा आणि रसायनांत फिल्म किती वेळ ठेवावी हें छायाचित्रणानें शिकविलें होतें. राजवाडे व देवळें उभीं करण्याचें कसब मूर्तिकामानें आणि रंगविलेल्या पडद्यांनीं दिलें होतें. यंत्र खोलून पुन्हां बिनचूक जोडण्याची संवय छापखान्यानें लाविली होती. आणि देव एकाएकीं प्रकट व्हावा, राक्षस पाहतां पाहतां नाहींसा व्हावा, यासाठीं जें कौशल्य लागतें तें प्रोफेसर केळफांपाशीं तयारच होतें. १९१९ सालच्या 'कालिया मर्दन' पटांत त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण होऊन कालियाशीं झुंजते. त्या चमत्कृतिदृश्यांच्या मागें लहानपणीं जादूच्या खेळांत रमलेलें मन स्पष्ट दिसतें. जे उद्योग लोकांच्या दृष्टीनें वायां गेले होते त्यांपैकीं एकहि वायां गेला नव्हता.

आतां किंमतीचा विचार करूं. पुनःपुन्हां चित्रपट पाहून व रात्रंदिवस प्रयोग करून फाळक्यांचे डोळे इतके बिघडले, कीं कांहीं काळ दृष्टि जवळजवळ नाहींशी झाली. उपचारांनीं ती परत आली. पुढें विम्यावर कर्ज काढून १९१२ च्या फेब्रुवारींत ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांस ते ओळखपाळख नसतां जाऊन भेटले. त्यांच्या मध्यस्थीनें सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेंतील काम पाहिलें. आणि विल्यमसन कॅमेरा व फिल्मच्या कडांस छिद्रें पाडण्याचें यंत्र मिळवून थोड्याच आठवड्यांत परत आले. परत आल्यावर राजाराण्यांच्या कथेस त्यांनीं लगेच हात घातला नाहीं. कुंडींत बीं पेरून, तिच्यासमोर कॅमेरा रोवून, रोज थोडें थोडें चित्रण करीत त्यांनीं सुमारें महिनाभर रोपाची वाढ टिपली. पडद्यावर तें रोप पाहतां पाहतां वर आलें. 'अंकुराची वाढ' हा तो चिमुकला पट दाखवून त्यांनीं भांडवल देणाऱ्यांचा विश्वास मिळविला. आमच्या विद्यार्थिमित्रांस या सबंध चरित्रांतून एकच प्रसंग निवडून द्यावयाचा झाला तर आम्ही हा देऊं. एक कुंडी, एक बीं आणि महिनाभराचा धीर!

'राजा हरिश्चंद्र' हा पट ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. त्याची लांबी सुमारें ३,७०० फूट असून तो पुरा होण्यास सहा महिन्यांहून अधिक काळ लागला. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहांत काम करणाऱ्या साळुंके नांवाच्या तरुणास लुगडें नेसविलें. रोहिदास झाला तो फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. आणि या सर्वांच्या मागें एक व्यक्ति उभी होती, जिचें नांव अलीकडे कोठें लोक आदरानें घेऊं लागले आहेत. ती म्हणजे फाळक्यांची द्वितीय पत्नी सरस्वतीबाई. त्यांनीं आपले दागिने दिले, अंधाऱ्या खोलींत बसून फिल्मला छिद्रें पाडलीं, रसायनें कालविलीं, चित्रणाच्या वेळीं उन्हांत प्रकाश परतविणारे पडदे धरले, आणि एवढें करून सबंध मंडळीचा स्वयंपाकहि केला. छंद एकाचा असतो, किंमत मात्र सारें घर देतें. छंदाचें कौतुक करतांना ही दुसरी बाजू जो विसरतो तो छंदावर नव्हे, स्वतःवरच प्रेम करतो, असें म्हणावें लागेल.

यावर कोणी म्हणेल, "फाळके हे लोकोत्तर पुरुष, त्यांचें उदाहरण सामान्य मुलांस काय कामाचें?" तेव्हां दुसरें एक उदाहरण पाहूं. सत्यजित राय यांचा जन्म १९२१ सालीं कलकत्त्यास झाला. आजोबा उपेंद्रकिशोर हे बालवाङ्मयाचे लेखक व आपल्या देशांतील हाफटोन ठशांच्या विद्येचे अग्रणी. वडील सुकुमार राय हेहि लेखक व चित्रकार. येथेंहि आरंभ छापखान्यांतून व चित्रांतूनच झाला, हें पाहण्यासारखें आहे. मुलगा लहान असतांच वडील वारले. शांतिनिकेतनच्या कलाभवनांत चित्रकला शिकून सत्यजित एका जाहिरात-कंपनींत नोकरीस राहिले. १९४७ सालीं मित्रांसह त्यांनीं कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापिली. आणि १९५२ सालीं 'पथेर पांचाली'चें चित्रण सुरू केलें. कॅमेरा सांभाळणारे सुब्रत मित्र यांनीं त्यापूर्वीं चलच्चित्राचा कॅमेरा चालविलेला नव्हता. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशीं काम चाले. एका रविवारीं काशफुलांच्या शुभ्र शेतांत थोडें चित्रण झालें. पुढच्या खेपेस जाऊन पाहतात तों गुरांनीं फुलें खाऊन टाकलेलीं! दुसऱ्या एखाद्यानें तें दृश्य गाळलें असतें. हे मात्र पुढच्या हंगामांत फुलें पुन्हां येईपर्यंत थांबले. विमा गहाण पडला, पत्नीचे दागिने गहाण पडले. अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या साह्यानें चित्रपट पुरा होऊन १९५५ सालीं प्रकाशांत आला. येथेंहि तीच कथा : हातांत मुरलेली कला, घरानें दिलेली साथ, आणि थांबण्याची तयारी.

तरीहि हीं दोन्ही नांवें मोठीं आहेत, हा आक्षेप उरतोच. म्हणून तिसरें उदाहरण ज्या नाशिक जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वर आहे त्याच जिल्ह्यांतील घेतों. मालेगांव हें यंत्रमागांचें गांव. तेथें व्हिडिओवर चित्रपट दाखविण्याचा धंदा करणारे नासिर शेख यांनीं गांवांतल्याच हौशी मंडळीस जमवून २००० सालच्या सुमारास 'मालेगांव के शोले' हें विडंबन काढलें. चालतें दृश्य टिपण्याचीं महागडीं साधनें त्यांच्यापाशीं नव्हतीं, म्हणून सायकलीचीच गाडी केली! यंत्रमागावर राबणारे हात सुट्टी मिळाली कीं अभिनयाला लागत. फैजा अहमद खान यांनीं २००८ सालच्या आपल्या माहितीपटांत ही मंडळी जगापुढें आणली. यांपैकीं बहुतेकांस छंदानें धन दिलें नाहीं. परंतु दिवसभर यंत्राच्या खडखडाटांत राहणाऱ्या मनुष्यास "हें मीं केलें" असें म्हणावयास लावणारी एक वस्तु दिली. तिची किंमत कोणत्या तराजूंत करावयाची?

आतां पालकांच्या बाजूचें जें खरें आहे तेंहि मान्य केलें पाहिजे. महिनाअखेर घरखर्चाची तोंडमिळवणी करणाऱ्या पित्यास मुलाच्या उपजीविकेची काळजी वाटते, यांत त्याचा अरसिकपणा नाहीं. ती त्याची माया आहे. खुद्द फाळक्यांचेंच उत्तरायुष्य पाहा. १९३१ सालीं बोलपट आला आणि मूकपटाचा काळ सरला. १९३७ सालच्या 'गंगावतरणा'नंतर त्यांच्या हातून नवा चित्रपट झाला नाहीं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें ते वारले तेव्हां त्यांची स्थिति ओढगस्तीची होती. १९६९ सालापासून भारत सरकार चित्रपटक्षेत्रांतील आपला सर्वोच्च सन्मान त्यांच्या नांवें देतें; परंतु मरणोत्तर सन्मानानें जिवंतपणींची चूल पेटत नाहीं. तेव्हां छंदासाठीं अभ्यास सोडा, परीक्षा बुडवा, असें आम्ही कदापि म्हणणार नाहीं. रायांनीं आपली पहिली कृति नोकरी सांभाळूनच घडविली, हें विसरून चालणार नाहीं.

आमचें मागणें याहून लहान आहे, पण नेटाचें आहे. विद्यार्थ्यांनीं मोबाईलवर शंभर तुकडे टिपण्यापेक्षां वर्षभरांत तीन मिनिटांचा एकच पट पुरा करावा. विषय दूर शोधावयास नको. गल्लींतील कुंभाराचें चाक, लोहाराचा भाता, शाळेच्या आवारांतील झाडावर घरटें बांधणारी सुगरण, यांपैकीं कोणताहि पुरे. आधीं तो कागदावर लिहावा. मग एकेक दृश्य चित्रांत मांडावें. मगच कॅमेरा हातीं घ्यावा. आणि टिपलेल्यांतून निम्म्याहून अधिक टाकून देण्यास शिकावें, कारण निवड हीच या कलेची खरी शाळा आहे. शेवटीं तो ज्यांच्याविषयीं आहे त्यांनाच प्रथम दाखवावा. कुंभार त्यांत चूक काढील, तर त्याच्यासारखा परीक्षक नाहीं. शाळांनीं आठवड्यांतून एक तास आणि एक खोली द्यावी. चित्रकलेच्या, विज्ञानाच्या व मराठीच्या शिक्षकांनीं तेथें आळीपाळीनें बसावें. आणि स्नेहसंमेलनांत नाटुकल्यांच्या जोडीनें असे दोनतीन पट दाखवावे. बक्षीस सर्वांत सुंदर पटास नको. पुऱ्या झालेल्या प्रत्येक पटास शाबासकी हवी.

आणि पालकांस एकच विनंती. मुलाच्या हातीं रंग, कॅमेरा अथवा जादूचे पत्ते दिसले कीं "याचा उपयोग काय?" असा प्रश्न आपण करतों. त्याचें उत्तर तेरा वर्षांच्या मुलापाशीं नसतें. त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराजापाशींहि तें नव्हतें. त्याऐवजीं "हातीं घेतलेलें पुरें झालें का?" असें विचारावें. या प्रश्नाचें उत्तर मुलाला देतां येतें, आणि दरवेळीं तें देण्याचा प्रयत्न करतां करतांच त्याचा नाद छंद होतो व छंद व्यासंग होतो. अर्धवट टाकलेल्या दहा गोष्टींनीं मुलगा बिघडतो हें खरें. परंतु त्याला औषध अकरावी गोष्ट हिसकावून घेणें हें नव्हे, ती पुरी करवून घेणें हें आहे. छंद ही मुलांची चैन नसून त्यांनीं स्वतःहून पत्करलेलें कष्टाचें पहिलें काम आहे. तें काम मनापासून करण्याची संवय ज्याला शाळेंत लागली, तो पुढें चित्रपट काढो वा न काढो, हातीं येईल तें काम अर्धवट टाकणार नाहीं.